निलंग्याहून सकाळी सहाची गाडी

कंधार
२ फेब्रुवारी २०२५

मलप्पा अण्णा,
शरणु शरणार्थ.

फोन चार वेळा लावला. तुम्ही उचलत नाही, म्हणून लिहितोय. पोस्टाने आठ दिवस जातील, त्यामुळे हे पाकीट लातूर गाडीच्या कंडक्टरजवळ देतो. तो लातूरला निलंग्याच्या गाडीवर देईल. निलंगा स्टँडचे कंट्रोलर माझ्या ओळखीचे आहेत. तुमच्या गावचं कुणी दिसलं की पोचेल.

गौरम्माला जाऊन पंचवीस दिवस झाले. मी कामावर हजर झालोय. गाड्या लावणं, वेळा लिहिणं, माइकवर सांगणं चालू आहे. रिटायर व्हायला सात महिने राहिलेत.

मातीच्या दिवशी तुम्ही शेतावर आलात, पण पाणीसुद्धा न घेता गेलात. तिच्या माहेरचं लुगडं तुमच्या काखेतल्या पिशवीतच राहिलं. आमच्या बायकांनी घरातली साडी नेसवून तिला खड्ड्यात बसवलं. सगळ्यांनी पाहिलं. तुम्ही मला एवढंच म्हणालात, "लई घाई केली दाजी."

त्या वाक्याचं उत्तर द्यायचं म्हणून हे पत्र आहे.

लिव्हर काढता यावं म्हणून श्वासाचं मशीन बंद केलं, असं तुम्हाला वाटत असेल तर तसं झालेलं नाही. अंगणवाडीत कामावर असताना पडल्यापासून बारा दिवस ती नांदेडच्या दवाखान्यात मशीनवर होती. तुम्ही दोनदा येऊन बघून गेलात. डॉक्टरांच्या दोन वेगवेगळ्या मंडळांनी तपासून लिहून दिलं की ती परत येणार नाही. मेंदू पूर्ण मेला नव्हता, खालच्या भागात थोडी धुगधुगी होती, पण श्वास मशीनचाच होता. कोर्टालाही रीतसर कळवलं. मशीन काढायचं ठरलं ते या सगळ्यावरून. लिव्हरचा विषय नंतर निघाला, आणि तो डॉक्टरांनी काढला नाही, मी काढला. तिने अवयवदानाचं कार्ड करून ठेवलं होतं. रेशनकार्डाच्या पिशवीत होतं.

डॉक्टर म्हणाले, मेंदू मेलेला असता तर हृदय चालू असतानाच अवयव घेता आले असते. इथे तसं नाही. इथे मशीन काढायचं आणि हृदयाला त्याचं त्याचं थांबू द्यायचं. थांबल्यावर पाच मिनिटं कुणी हात लावायचा नाही. मग मृत्यू जाहीर करायचा आणि लगेच लिव्हर काढायचं. असं दान आपल्या भागात जवळजवळ होतच नाही. संभाजीनगरहून डॉक्टर आले होते. लिव्हर एका यंत्रात ठेवून नेलं. त्यात रक्त फिरवत ठेवतात म्हणे. बीपीमुळे किडन्या चालल्या नाहीत.

तुम्ही पोचलात तेव्हा सगळं उरकलं होतं, याचं मला वाईट वाटतं. आदल्या दिवशी मी तुम्हाला फोनवर कळवलं होतं. गाड्यांचं काही सांगता येत नाही.

पुढच्या आठ जानेवारीला तिचं वर्ष होईल. त्या दिवशी समाधीवर माहेरचं लुगडं पडावं, एवढीच माझी विनंती आहे.

तुमचा
रेवणसिद्ध


कंधार
३० मार्च २०२५

अण्णा,
शरणु शरणार्थ.

पाकीट पोचल्याचं निलंग्याच्या कंट्रोलरनी सांगितलं. उत्तर नाही. उत्तर द्याच असं नाही.

परवा तुमच्या गावचे मडिवाळप्पा स्टँडवर भेटले. सोयरीक बघायला लोह्याला निघाले होते. दोन चहा होईपर्यंत पाऊसपाण्याचं बोलले. तिसऱ्या चहाला म्हणाले, "एक बोलू का कंट्रोलरसाहेब? राग मानू नका. गावात म्हणून राहिलेत की तुम्ही अर्धीच बाई पुरली. गळ्यातलं लिंग बी काढून घेतलं म्हणं दवाखान्यात."

मी विचारलं, "मलप्पा अण्णा असं म्हणतात?"

"अण्णा कुठं काय बोलतेत? अण्णा गप्प हायत. गाव बोलून राहिलंय."

मग त्यांची गाडी लागली. माइकवर मीच सांगितली. ते खिडकीतून म्हणाले, "बायको जाऊन तीन महिने झाले न्हाईत अन् आवाज तोच खणखणीत हाय तुमचा." चांगल्या मनाने म्हणाले की टोमणा मारला ते कळलं नाही.

गाव काहीही बोलो. पण लिंगाचं तुम्हाला खरं माहीत पाहिजे.

ऑपरेशनच्या खोलीत नेण्याआधी एक सिस्टर आल्या. उज्वला सिस्टर. वय असेल तीस-बत्तीस. म्हणाल्या, "काका, गळ्यातलं काढावं लागेल. चांदीची डबी आहे ना ती." मी म्हणालो, "सिस्टर, ते आमच्यात जन्मल्यावर बांधतात. जीव असेपर्यंत अंगावरून उतरवत नाहीत." त्या म्हणाल्या, "ऑपरेशनच्या जागेवर राहू शकत नाही हो." मी म्हणालो, "मग राहू द्या सगळंच. घेऊन जातो घरी."

हे मी खरंच म्हणालो अण्णा. कार्ड तिचं होतं, सही माझी झाली होती, तरी त्या वेळी तोंडातून हे गेलं.

सिस्टर आत जाऊन कुणाला तरी विचारून आल्या. म्हणाल्या, "अंगावरून उतरवायचं नाही, एवढंच ना? उजव्या हाताला सलाईन आहे. डावा मोकळा आहे. डाव्या हातात चालेल?"

त्यांना आपल्यातलं काही माहीत नव्हतं. डावा हात मोकळा होता म्हणून त्यांनी विचारलं. आपण पुरताना लिंग डाव्याच तळहातावर ठेवतो हे त्यांना कुठून कळणार? मी मान हलवली. त्यांनी डबी स्पिरिटने पुसली, तळहातावर ठेवली, वरून बोटं मिटवली आणि पांढरी पट्टी बांधली. ती पट्टी मशीन काढताना होती, नंतरही होती. दुसऱ्या दिवशी शेतात स्वामींनी सोडली तेव्हा गाठ सिस्टरांनी बांधलेली तशीच होती. तुम्ही बांधावर उभे होता. तिथून दिसलं नसेल.

बाकी ठीक. उन्हाळा जोरात आहे.

रेवणसिद्ध


कंधार
१७ जुलै २०२५

अण्णा,
शरणु शरणार्थ.

काल दवाखान्याच्या समन्वयक बाईंचा फोन आला होता. ज्या माणसाला लिव्हर बसवलं तो बरा आहे. सहा महिने झाले, कामाला जाऊ लागलाय. नाव, गाव सांगत नाहीत. वय चाळीसच्या आत आहे आणि दोन मुली आहेत, एवढं सांगितलं. मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. नंतर वाटलं, अजून काही बोलायला पाहिजे होतं.

ही बातमी सांगायला लिहायला बसलो, पण दुसरंच सांगणार आहे. मागच्या दोन पत्रांत जे लिहिलं ते खरं आहे. तरी ते वाचून माणूस फार नीट वागला असं वाटतं. तसं नाही.

मशीन काढल्यावर हृदय अर्ध्या तासाच्या आत थांबलं तरच लिव्हर कामाचं राहतं. जास्त वेळ रेंगाळलं तर रक्त कमी पडून ते खराब होतं. मग दान होत नाही, पेशंटला वॉर्डात परत नेतात आणि तिथे जे व्हायचं ते होतं. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं. मी तिच्याजवळ बसलो होतो. नळी काढली तेव्हा समोरच्या घड्याळात बारा वाजून चार मिनिटं झाली होती. मी खिशातलं पेन काढून डाव्या तळहातावर १२.०४ लिहिलं.

का लिहिलं म्हणून विचाराल. एकतीस वर्षं गाडी हलली की वेळ लिहितोय. हात आपोआप गेला.

ती श्वास घेत होती. मशीनशिवाय, तुटक तुटक. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. संभाजीनगरचे डॉक्टर पलीकडच्या खोलीत तयार होते, ते इकडे येत नाहीत. इथे फक्त तिचे डॉक्टर, उज्वला सिस्टर आणि मी. मी एकदा तिच्याकडे बघायचो, एकदा घड्याळाकडे. अठरा मिनिटं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण मनात म्हणतोय, चल ग, उशीर होतोय.

अण्णा, हे वाक्य तिचं होतं. गाडीच्या तासभर आधी ती स्टँडवर जाऊन बसायची आणि मला हाका मारायची. "गावाच्या गाड्या येळंवर सोडता आन् सोता मातर चप्पल हुडकत बसता." जन्मभर तिने मला चल म्हटलं. शेवटी मी तिला म्हटलं, आणि ते यासाठी.

बारा वाजून सव्वीस मिनिटांनी थांबलं. पाच मिनिटं सगळे हात बांधून उभे राहिले. १२.३१ ला डॉक्टरांनी सांगितलं आणि पलंग आत गेला. १२.२६ मी हातावर लिहिलं नाही.

बावीस मिनिटं. तुम्ही घाई म्हणालात ती हीच असेल तर बरोबर म्हणालात.

रेवणसिद्ध


कंधार
२६ डिसेंबर २०२५

अण्णा,
शरणु शरणार्थ.

ऑगस्टमध्ये रिटायर झालो. नारळ, शाल, फोटो झालं. आता घरी असतो. सकाळी एक चक्कर स्टँडवर होते. पोरं खुर्ची देतात, पण बसलं की कामात अडचण होते म्हणून निघतो.

वर्षाला तेरा दिवस राहिलेत. जुलैनंतर चार पत्रं लिहिली आणि फाडली. हे फाडणार नाही. लगेच कंडक्टरकडे देणार आहे.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की गाड्यांचं काही सांगता येत नाही. ते खोटं आहे. गाड्यांचं मला सगळं सांगता येतं. सात जानेवारीला दुपारी मी तुम्हाला फोन केला तेव्हा मशीन दुसऱ्या दिवशी बाराला काढायचं हे ठरलेलं होतं. निलंग्याहून सकाळी सहाची गाडी नांदेडला दहा चाळीसला येते. तुम्ही विचारलंत, "कवा निघू?" मी म्हणालो, "दहाच्या गाडीनं या. संध्याकाळपर्यंत काही होत नाही." दहाची गाडी पावणेतीनला येते. हे मला तोंडपाठ आहे. बोलताना माझी वेळेची चूक झाली नाही.

आता कारण सांगतो. तुम्ही दानाला नाही म्हणाल अशी भीती मला नव्हती. तुम्ही वेगळंच काही म्हणाल अशी भीती होती.

विरूपाक्षला जाऊन नऊ वर्षं झाली. आम्हाला मूल नव्हतं. पाचवी ते बारावी तुमचा मुलगा आमच्याकडे कंधारला राहिला. तिने त्याला दुसऱ्याचा कधी मानला नाही. हैदराबादला काविळीने त्याचं लिव्हर गेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, रक्ताच्या नात्यातल्या कुणी आपल्या लिव्हरचा तुकडा दिला तर वाचेल. तुम्हाला शुगर, वहिनींचा रक्तगट जुळेना. गौरम्माचा जुळला. ती तयार होती. नवऱ्याची सही लागत होती. मी म्हणालो, विचार करू. एक दिवस म्हणालो, डेपोत रजा मिळेना. रजा मिळत होती. मला ती एकटीच होती अण्णा, तिचं पोट फाडू द्यायला मन धजेना. चौथ्या दिवशी सही करायला हैदराबादला निघालो. जहीराबादच्या पुढे गेलो तेव्हा तुमचा फोन आला, "आता येऊ नका दाजी. आम्हीच येतो त्याला घेऊन."

त्यावर तुम्ही मला कधी एक शब्द बोलला नाहीत. गौरम्माही बोलली नाही. पुढच्या महिन्यात ते कार्ड करून आली आणि म्हणाली, "मी फारम भरलाय. ह्या बारीला कुणाला इचारायचं न्हाई मला."

म्हणून तुम्ही त्या खोलीत नको होतात. तिच्या उशाशी उभं राहून तुम्ही म्हणाला असतात, माझ्या लेकाला द्यायचं नव्हतं आणि अनोळख्याला देता. ते मला ऐकायचं नव्हतं. तेवढ्यासाठी मी तुम्हाला चार तास उशिराची गाडी सांगितली आणि तुमची बहीण तुमच्याशिवाय गेली. बापाच्या माघारी तुम्ही तिला वाढवलं होतं. तिथे तुमचा हक्क माझ्याइतकाच होता.

लुगड्याचं मी आता मागत नाही. तुम्ही यावं असं वाटतं, पण तेही मागत नाही. एवढं कळवायचं होतं.

रेवणसिद्ध


कंधार
११ जानेवारी २०२६

अण्णा,
शरणु शरणार्थ.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं. समोर असताना मला बोलता येत नाही, हे तुम्ही पाहिलंच. म्हणून पुन्हा कागद.

आठ तारखेला मी शेताच्या बांधावर उभा होतो. लोह्याकडून आलेल्या गाडीतून तुम्ही उतरलात, हातात दोन पिशव्या. मी घड्याळ बघितलं. तुम्ही निलंग्याहून सहाची गाडी धरल्याशिवाय त्या वेळी इथे पोचत नाही.

स्वामींची पूजा होईपर्यंत तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. मग जुनी पिशवी उघडली. गेल्या वर्षीचंच हिरवं लुगडं होतं. घडी बदललेली नव्हती. तुम्ही ते समाधीवर पसरलं, चारी टोकांना ढेकळं ठेवली आणि खाली बसलात. मीही बसलो. तुम्ही जे बोललात ते मला शब्दशः लिहून ठेवायचं आहे, म्हणून इथे लिहितो.

तुम्ही म्हणालात, "त्या दिशी नांदेडला उतरल्याबरुबर मी कंडक्टरला इचारलं, सकाळची गाडी आज आलती का. हाव म्हणला, येळंवर आलती. तवाच समजलो."

मी म्हणालो, "मग वर्षभर बोलला का नाहीत?"

"काय बोलू? घाई केली म्हणलो की. तुम्ही त्याच्यावर लिव्हरचं लिहून पाठिवलं, लिंगाचं लिहून पाठिवलं, घड्याळाचं लिहून पाठिवलं. गाडीचं लिहीना गेलात. वाट बघत बसलो."

नंतर तुम्ही बराच वेळ ढेकूळ फोडत होता. मग म्हणालात, "विरूपाक्षचं मी तिथं बोललो असतो का न्हाई, मलाच ठाव न्हाई. बोललो बी असतो. पण तिचा हात धरून बोललो असतो दाजी."

मी लुगड्याचं सुटलेलं टोक पुन्हा ढेकळाखाली घातलं.

शेवटी उठताना तुम्ही म्हणालात, "आन् ते मनात चल म्हणल्याचं घेऊन बसू नका. आमची गौरी कुणाच्या म्हणण्यानं निघाली का कधी? लग्नात वरात निघायच्या टायमाला चुलीपुढं तासभर बसली. तुमचा बाप मांडवातून वरडून राहिला, अन् ही आपली माझ्या पोराला भात चारतीय." तुम्हाला हसू आलं. मलाही आलं. समाधीपुढे दोन म्हातारे हसताना बघून स्वामी काय म्हणाले असतील कुणास ठाऊक.

तेव्हा विरूपाक्ष वर्षाचा होता. मी ते विसरलो होतो.

दुसरी पिशवी तुम्ही जाताना माझ्याकडे दिलीत. म्हणालात, "हे नवं हाय, गेल्या सालचं न्हवं. त्या सिस्टरबाईला. आमी न्हवतो तवा माहेरचं काम तिनं केलं." मी एकटाच जाऊन देऊन येतो म्हणालो तेव्हा तुम्ही रस्त्याकडे वळलात. घरी आल्यावर कळलं की ते मी चुकीचं बोललो.

पिशवी कपाटात ठेवली आहे. एकटा जाणार नाही. उज्वला सिस्टरांना फोन केला होता. शुक्रवारी, सोळा तारखेला त्यांची दिवसाची ड्यूटी आहे, दोनपर्यंत आहेत. नको नको म्हणत होत्या. गौरम्माचे भाऊ येणार आहेत म्हटल्यावर म्हणाल्या, "या मग."

निलंग्याहून सकाळी सहाची गाडी. नांदेडला दहा चाळीसला लागते. काल स्टँडवर जाऊन वेळ पुन्हा विचारून आलो, बदललेली नाही. मी फलाटावर असेन. गाडी लेट झाली तरी थांबेन. तुम्ही उतरल्याशिवाय दवाखान्याकडे निघणार नाही.

तुमचा
रेवणसिद्ध